आठ अंशांचा फरक

क्लीव्हलंडच्या आर्थर पार्कर नावाच्या इंजिनिअरने १९१७ साली ट्रकसाठी हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक बनवायला सुरुवात केली. १९१९ मध्ये सगळा माल लादलेला त्याचा ट्रक घसरून कड्याखाली गेला आणि धंदा बुडाला. गडी परत नोकरीला लागला, चार पैसे साठवले आणि काही वर्षांनी पुन्हा उभा राहिला. मे १९२७ मध्ये लिंडबर्ग न्यूयॉर्कहून एकटा निघून साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरला. त्याच्या विमानात नळ्यांचे जोड पार्करचे होते, असं ती कंपनी अभिमानाने सांगते.

तुम्ही म्हणाल, मास्तर, लिंडबर्ग सोडून जोडांचं कौतुक कसलं? तर मंडळी, माझा भाचा अमेरिकेत गॅरेजमध्ये स्वतःचं विमान बांधतोय. इंजिन बसवून झालं, पण नळ्या निवडण्यात त्याचे दोन महिने गेले. मग मीही वाचायला बसलो.

इंजिन कितीही नामी असो, त्याला पेट्रोल पोचवणारी नळी बोटभर जाडीची, आणि इंजिन तिला तासन्‌तास हादरे देत असतं. तार मागेपुढे वाकवत राहिलं की तुटते, तशीच धातूची नळी जोडापाशी तडकते. म्हणून विमानाच्या अंगाला धातूची नळी आणि इंजिनापाशी लवचीक होज.

आता जोड. नळीचं तोंड कर्ण्यासारखं फाकवायचं, शंकूवर बसवायचं आणि वरून नट आवळायचा. वायसर नाही, काही नाही, धातूवर धातू. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेच्या आर्मी आणि नेव्हीने मिळून विमानांसाठी एकच प्रमाण धरलं, ३७ अंशांचा उतार. म्हणून नाव 'एएन'. मोटारीच्या दुकानातले असे जोड बहुधा ४५ अंशांचे. माप इंचाच्या सोळाव्या भागात. सहा नंबर म्हणजे सहा सोळांश, म्हणजेच तीन अष्टमांश इंच. (अपूर्णांक कशाला शिकवता, असं विचारणाऱ्या पालकांची आठवण झाली!)

गोम अशी की काही मापांत दोन्हींचे आटे जुळतात. नट फिरतो, घट्टही बसतो. पण आत शंकू नुसता एका कडेवर टेकलेला. जमिनीवर थेंबही गळणार नाही कदाचित. हादरे बसू लागले की पाझरेल, आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट. कंपासपेटीतल्या कोनमापकावर आठ अंश म्हणजे किती, बघा एकदा.

१९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत घरगुती विमानं बांधणाऱ्यांची संघटना काढली. त्याच वर्तुळातल्या टोनी बिंजेलिस यांचं 'फायरवॉल फॉरवर्ड' हे पुस्तक केवळ इंजिन बसवण्यावर आहे. भाच्याकडची प्रत तेलाने माखलेली आहे म्हणे.

होजमध्येही निवड आहेच. रबरी होज स्वस्त, पण वापरा न वापरा, म्हातारी होते. आपल्या गॅसची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलतो, तसंच. टेफ्लॉनची, वर स्टीलच्या तारांची वीण असलेली होज पुष्कळ टिकते. (टेफ्लॉन १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना फ्रिजच्या वायूवर काम करताना अचानक सापडलं.) मात्र ती वर्षानुवर्षं ज्या वळणात राहिली तोच आकार धरते, काढून सरळ करायला गेलात तर आतून चिरण्याची भीती. इंजिनाच्या बाजूला वरून आगीपासून वाचवणारी जाड बाही चढवतात, तीही नारिंगीच.

नळी कुठून न्यायची, हेही निवडावंच लागतं. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडून गेला. विमान दुसऱ्या कुणी घरी बांधलेलं, बर्ट रुटानच्या 'लाँग-ईझी' आराखड्याचं. पेट्रोलच्या नळ्या बसायच्या जागेत नकोत, म्हणून बांधणाऱ्याने टाकी बदलायची मूठ मागे, वैमानिकाच्या डाव्या खांद्याच्या पाठी नेली होती. विचार वाईट नव्हता. पण ती फिरवायला पूर्ण मागे वळावं लागे, आणि वळताना उजवा पाय रडरवर दाबला जाण्याचा धोका. चौकशीत तसंच निघालं. वर मूठ इतकी घट्ट, की फिरवायला पक्कड लागत होती. रुटानच्या मूळ आराखड्यात ती वैमानिकाच्या पुढ्यात, दोन मांड्यांच्या मध्ये आहे.