विमा एजंट झालात, पुढं काय? पॉलिसी काढण्यापेक्षा ती चालू ठेवणं महत्त्वाचं

सोलापूर : परीक्षा पास झाली, कंपनीचं नेमणूक पत्र आलं, एजन्सी कोडही मिळाला. पेढे वाटून झाले, व्हॉट्सअॅपला स्टेटस लावून झालं. त्यानंतर प्रत्येक नव्या एजंटला एकच प्रश्न पडतो, तो म्हणजे आता पहिल्यांदा जायचं कुणाकडं?

बहुतेक जण भाऊबंद, मेहुणे आणि मित्रांपासून सुरुवात करतात. दोन-तीन महिन्यांत ती यादी संपते आणि काम थंडावतं. वर्षानं दुसरा हप्ता येतो तेव्हा 'तुझ्यासाठी म्हणून घेतली होती' असं सांगून काही जण पॉलिसी सोडून देतात. एजंटचं पुढचं कमिशन बुडतं, ते एक वेळ भरून निघेल. पण पॉलिसी बंद असताना घरातला कर्ता माणूस गेला, तर त्या घराला काहीच मिळत नाही. म्हणून पहिल्या वर्षी किती पॉलिसी काढल्या यापेक्षा किती चालू राहिल्या, हा हिशोब महत्त्वाचा आहे.

लायसन म्हणजे नेमकं काय?

गावात आजही 'लायसन' हाच शब्द चालतो. मात्र विमा कायद्यात २०१५ साली बदल झाला, तेव्हापासून एजंटची नेमणूक विमा कंपनीच करते आणि नियम विमा नियामक 'आयआरडीएआय' ठरवते. एका एजंटला एक जीवन विमा, एक सर्वसाधारण विमा आणि एक आरोग्य विमा कंपनी अशा तीन कंपन्यांचं काम एकाच वेळी करता येतं. दोन जीवन विमा कंपन्यांचं काम मात्र करता येत नाही. एकाच प्रकारात अनेक कंपन्यांच्या पॉलिसी दाखवायच्या असतील, तर ब्रोकरमार्फत 'पॉइंट ऑफ सेल्स पर्सन' होण्याचा मार्ग आहे. त्याला दहावी पास आणि १५ तासांचं प्रशिक्षण लागतं. त्यात ठरावीक, सोप्या पॉलिसीच विकता येतात.

महिलांसाठी एलआयसीची 'विमा सखी' योजना डिसेंबर २०२४ पासून सुरू आहे. दहावी पास, १८ ते ७० वयाच्या महिलेला पहिल्या वर्षी महिना ७ हजार, दुसऱ्या वर्षी ६ हजार आणि तिसऱ्या वर्षी ५ हजार रुपये मानधन मिळतं, कमिशन वेगळं. पण दुसऱ्या वर्षीचं मानधन हवं असेल, तर पहिल्या वर्षी काढलेल्या पॉलिसींपैकी किमान ६५ टक्के चालू असाव्या लागतात. म्हणजे पॉलिसी टिकण्याचा मुद्दा इथंही येतोच.

हप्ता पिकाच्या पैशाशी जुळवा

नोकरदाराच्या हातात महिन्याला पगार पडतो, शेतकऱ्याचं तसं नसतं. म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या घरात पैसा कधी येतो ते विचारावं.

- ऊसवाला : गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि बिल त्यानंतर, तेही कधी पुढं-मागं. अशा घराला जूनचा हप्ता जड जातो, कारण तेव्हा बी-खताचा आणि शाळेचा खर्च असतो.
- डाळिंबवाला : सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागात कुठला बहार धरलाय त्यावर पैसा ठरतो. माल उतरल्यानंतरची तारीख धरावी.
- कांदेवाला : सोलापूर बाजार समितीत हिवाळ्यात आवक जोरात असते, पट्टीही तेव्हाच येते. पण भाव पडला तर खर्चही निघत नाही, त्यामुळे हप्ता छोटाच ठेवावा.
- दूधवाला : दहा-पंधरा दिवसांनी बिल मिळतं, म्हणून इथं महिन्याचा हप्ता चालतो.

पॉलिसी ज्या तारखेला सुरू होते, त्याच तारखेच्या हिशोबानं पुढचे हप्ते येतात. बिल जानेवारीत येणाऱ्याला ऑगस्टमध्ये घाईनं वार्षिक पॉलिसी दिली, तर दर ऑगस्टला ओढाताण ठरलेली. ज्या खात्यातून सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाची वसुली होते, त्या खात्याला ऑटो डेबिटही लावू नये.

हप्ता चुकला तर वार्षिक, सहामाही आणि तिमाहीसाठी ३० दिवस, तर महिन्याच्या हप्त्यासाठी १५ दिवस सवलतीचे मिळतात. या सवलतीत विमा चालू असतो. पॉलिसी बंद पडलीच, तर साधारण जीवन विम्यात पहिल्या न भरलेल्या हप्त्यापासून ५ वर्षांच्या आत ती पुन्हा सुरू करता येते. थकलेले हप्ते, व्याज आणि गरज पडल्यास वैद्यकीय तपासणी लागते. एजंटनं प्रत्येकाची तारीख वहीत लिहावी आणि महिनाभर आधी फोन करावा.

हातात पैसे घेताना सांभाळून

'तूच भर की बाबा' म्हणून गावात लोक पैसे हातात देतात, आणि घोळ इथंच होतो. विमा कंपनीकडं पैसे पोहोचल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. कंपनीच्या वतीनं एजंटनं हप्ता घेतला, तर सुट्टीचे दिवस सोडून २४ तासांच्या आत तो जमा करावा, असं विमा कायद्याच्या कलम ६४व्हीबीमध्ये आहे. रक्कम एजंटच्या खिशात असताना अपघात झाला तर विमा कंपनीची पावती नसते आणि सगळं एजंटच्या अंगावर येतं. म्हणून ग्राहकाच्याच मोबाईलवरून किंवा शाखेत जाऊन भरणा करावा आणि पावती त्याच्याच हातात द्यावी. स्वतःच्या फोन पे नंबरवर हप्ता घेऊ नये.

शुगर, तंबाखू लपवू नका

'शुगर लिहिली तर पॉलिसी होत नाही' म्हणून फॉर्ममध्ये 'नाही' लिहिण्याची सवय महागात पडते. मिश्री, तंबाखू, बीपी, शुगर, झालेलं ऑपरेशन सगळं खरं लिहावं. हप्ता थोडा वाढेल, पण क्लेम अडणार नाही. कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला ३ वर्षं झाल्यावर कंपनीला ती वादात काढता येत नाही. मात्र त्या ३ वर्षांत मृत्यू झाला आणि दवाखान्याच्या कागदात जुना आजार सापडला, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. माहिती लपवायला सांगणं हा एजंटच्या आचारसंहितेचाही भंग आहे.

नावाचंही तसंच. आधारवर एक, पासबुकात दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं, ही अडचण घरोघरी आहे. आधार आणि बँकेतलं नाव आधी एकसारखं करून घ्यावं. वारस अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीनं पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव नोंदवावं. लग्नाआधी आईचं नाव लावलेल्या तरुणाला लग्नानंतर वारस नोंदीची आठवण करून द्यावी.

कर्जात असलेल्या शेतकऱ्याला १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याची माहिती जरूर द्यावी. पॉलिसी काढतानाच या कायद्याखाली नोंद केली, तर ती रक्कम बायको-मुलांची राहते आणि सावकार किंवा बँकेला त्यावर हात टाकता येत नाही. ही नोंद नंतर करता येत नाही.

कमिशनमधला वाटा आणि खोटी आश्वासनं

'पहिला हप्ता मी भरतो' किंवा 'कमिशनमधलं निम्मं तुला' असं सांगून पॉलिसी काढणं कलम ४१ प्रमाणे गुन्हा आहे. दंड १० लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. कमिशन किती मिळतं, असं ग्राहकानं विचारलं तर ते सांगावं लागतं. क्लेमच्या रकमेत वाटा मागता येत नाही. जुनी पॉलिसी मोडून नवी घ्यायला लावणंही चुकीचं आहे.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ग्राहकाला ती परत करता येते, हे स्वतःहून सांगावं. वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. जुन्या तक्त्यावरून हप्ता सांगू नये.

विश्वास पासबुकातून सुरू होतो

गावात एजंट म्हटलं की लोक पीक विम्याचं आणि सरकारी योजनांचंच आधी विचारतात. त्यात कमिशन नसलं तरी माहिती द्यावी.

- जीवन ज्योती : वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणानं मृत्यू झाल्यास २ लाख, नोंदणी १८ ते ५० वयात.
- सुरक्षा विमा : वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०.
- गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान : अपघाती मृत्यूला २ लाख, अर्ज कृषी विभागाकडं.
- पीक विमा : १ रुपयाची सोय २०२५ पासून बंद. आता शेतकरी हिस्सा खरिपाला २ टक्के आणि रब्बीला दीड टक्क्यापर्यंत, नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत.

कुणाच्या घरी दुःखद घटना घडली, तर दिवस झाल्यावर पासबुक पाहायला सांगावं. मे-जूनच्या नोंदीत ४३६ किंवा २० रुपये कपात दिसली, तर त्या घराचा हक्काचा क्लेम आहे. अनेक घरांना तो माहीतच नसतो. बँकेचा फॉर्म भरायला एजंट सोबत गेला, तर त्या वस्तीवर पुढं त्याला ओळख सांगावी लागत नाही.

जीवन विम्याचा मृत्यू क्लेम चौकशी नसेल तर १५ दिवसांत आणि चौकशी असेल तर ४५ दिवसांत निकाली काढावा, असा नियम आहे. कंपनीनं दाद दिली नाही तर 'विमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार करता येते. त्यानंतरही काम झालं नाही, तर सोलापूर जिल्ह्यासाठी पुण्यातलं विमा लोकपाल कार्यालय आहे. तिथं वकील किंवा फी लागत नाही.

थोडक्यात : यादी भावकीपुरती ठेवू नका. हप्ता झेपेल तेवढाच सांगा. पैसे हातात घेऊ नका. फॉर्म खरा भरा. दुसऱ्या वर्षीचा हप्ता वेळेवर आला की समजायचं, काम रुळावर आलं.