ध्वनिक्षेपकांतील गुणगुण

गोंदियाच्या एखाद्या घरांत हौसेनें आणलेला सबवूफर सुरू केला जातो, आणि गाणें लागण्यापूर्वींच खोलींत एक जाड, संथ गुणगुण पसरते. कारागीर तिला 'हमिंग' म्हणतात. घरधनी नव्या यंत्राला दोष देतो. वस्तुतः ही गुणगुण त्या यंत्राहून पुष्कळ जुनी आहे. तिचा इतिहास ठाऊक असला म्हणजे दोष शोधणें सोपें होतें, आणि एक जिवावरचा धोकाहि टळतो.

या गुणगुणीचा मूळ स्वर विजेनें ठरविला आहे. गोंदिया जिल्ह्यांतील तिरोडा येथें ३,३०० मेगावॉट क्षमतेचें औष्णिक विद्युत्केंद्र आहे. दोन ध्रुवांचें जनित्र मिनिटास ३,००० फेरे घेतें, म्हणजे सेकंदास ५०. तितक्याच वेळां विजेच्या प्रवाहाचें आवर्तन होतें. १८९१ सालीं जर्मनींत लाउफेनपासून फ्रांकफुर्टपर्यंत सुमारें १७५ किलोमीटर प्रत्यावर्ती वीज नेण्यांत आली, तेव्हां हीं आवर्तनें ४० होतीं. पुढें युरोपांत ५० आणि अमेरिकेंत ६० हा अंक रूढ झाला. भारतानें ५० चा अंक घेतला. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर वाहिनीनें दक्षिणेचें विद्युत्जाळें उर्वरित देशाशीं जोडलें गेलें, आणि गोंदियाची व चेन्नईची गुणगुण एकाच स्वरांत बांधली गेली.

२३ जुलै १९२७ रोजीं मुंबईंत नियमित नभोवाणी सुरू झाली. बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओंत ही गुणगुण नसे. कारण बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेनें, अखंड वाहतो. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूर केंद्र सुरू झालें, तेव्हां गोंदिया भंडारा जिल्ह्यांत होतें. जेथें वीज पोंचली तेथें भिंतींतील विजेवर चालणारा रेडिओ आला, आणि त्याच्या पाठोपाठ गुणगुणहि आली. प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करतांना सेकंदास १०० हेलकावे उरतात. हे हेलकावे कंडेन्सर शोषून घेतो. तो जुना होऊन सुकला कीं ते कानीं पडूं लागतात. हा स्वर ५० च्या स्वराहून बरोबर एक सप्तक वर असतो.

तरीहि त्या काळच्या लहान ध्वनिक्षेपकांतून इतका खालचा स्वर नीट उमटत नसे. शिवाय मंद आवाजांतील खर्ज आपल्या कानाला कमी ऐकूं येतो, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं मोजून दाखविलें. सबवूफर मात्र सुमारें २० ते २०० आवर्तनांच्या खर्जासाठींच घडविलेला. म्हणून पूर्वीं झांकलेला दोष तो उघडा करतो.

दुसरें कारण वायरींत असतें. सबवूफर, दूरदर्शन संच आणि डिश यांना जमिनीकडे जाणाऱ्या निरनिराळ्या वाटा मिळाल्या, तर त्यांतून एक वर्तुळ तयार होतें व त्यांत ५० चा प्रवाह खेळतो. यावरचा एक उपाय टेलिफोननें शिकविला : १८८१ सालीं बेलनें एकमेकींत पिळलेल्या दोन तारांचें पेटंट घेतलें. दोन्ही तारांवर सारखाच पडलेला उपद्रव परस्पर नाहींसा होतो. झाडीपट्टीच्या नाटकांत रात्रभर चालणाऱ्या मायक्रोफोनांना दोन संदेशतारांची संतुलित वायर लावावी, तिच्यामागें हेंच तत्त्व आहे.

तेव्हां परीक्षेचा क्रम असा. यंत्र बंद करून सबवूफरची संदेशवायर काढावी आणि पुन्हां सुरू करावें. गुणगुण राहिली, तर दोष आंत आहे; कंडेन्सर कारागिराकडून तपासावा. थांबली, तर वायर परत जोडून डिशची केबल काढून पाहावी. आतां शांतता झाली, तर वर्तुळ सांपडलें. सर्व यंत्रें एकाच बोर्डावर घ्यावीं, किंवा संदेशवायरींत विलगक ट्रान्सफॉर्मर बसवावा.

एक उपाय मात्र कदापि करूं नये : प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणें. त्यानें गुणगुण पुष्कळदां थांबते, आणि म्हणूनच तो मोह घातक आहे. पुढें कधीं आंतील जिवंत तार यंत्राच्या पत्र्याला टेंकली, तर प्रवाहाला जमिनीकडे जावयास माणसाच्या देहावांचून वाट उरत नाहीं. भातशेतीच्या या प्रदेशांत पावसाळ्यांतील ओली जमीन व अनवाणी पाय हा नित्याचाच योग आहे. गुणगुण कानाला त्रास देते. ती पिन घरांतील माणसांचा जीव राखते.