मोठ्या चित्राचा प्रवास

भिंतीवर काढलेल्या चित्राला प्रवास ठाऊक नसतो. अजिंठ्याच्या लेण्यांत ज्या कलावंतांनीं रंग भरले, त्यांना आपली कृति बांधावी कशी, कोणत्या वाटेनें न्यावी, पावसांत भिजली तर काय करावें, ही चिंता कधीं पडली नाहीं. ज्याला पाहावयाचें असेल त्यानें डोंगरापर्यंत यावें, असा त्या चित्रांचा जणूं नियमच होता. पुढें चित्र भिंत सोडून कापडावर आलें आणि पाहणाराच्या दारीं जाऊं लागलें. हा लाभ मोठा खरा. परंतु त्याची किंमत कोणीं दिली, याचा विचार सहसा होत नाहीं. सोनेरी चौकटींत विसावलेलें भव्य चित्र पाहतांना तें तेथें पोंचलें कसें, हा प्रश्न कोणाच्या मनांत येत नाहीं. आमच्या मतें चित्रकलेच्या इतिहासांतील हें एक उपेक्षित प्रकरण आहे. तें उलगडण्यास यूरोपांतील दोन थोर चित्रकारांचे अनुभव पुरेसे आहेत.

आरंभ व्हेनिसपासून करावा लागतो. हें शहर खाऱ्या पाण्यांत वसलेलें. तेथील दमट हवेंत भिंतीवरच्या चित्रांचा टिकाव लागेना. उलट, गलबतांचा धंदा चालत असल्यामुळें शिडाच्या कापडाची तेथें वाण नव्हती. म्हणून पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेथील चित्रकार मोठमोठीं चित्रें कापडावर काढूं लागले. लांकडी फळीवरील चित्र जितकें मोठें तितकें जड, आणि हवा पालटली कीं फळीला चीर जावयाची. कापड मात्र चौकटीवरून उतरवून त्याची वळकटी करतां येई, आणि मुक्कामीं पोंचल्यावर नवी चौकट ठोकून त्यावर तें पुन्हां ताणतां येई.

पण वळकटी होते ती कापडाची. रंगाला ती मानवत नाहीं. कापडावर आधीं सरसाचा व खडूसारख्या पांढऱ्या द्रव्याचा थर देतात, आणि त्यावर तेलांत खललेले रंग चढतात. हा रंग वरून सुकलेला दिसला तरी आंतून सुकावयास महिनेच्या महिने लागतात, आणि पुरता सुकला कीं वांकविल्यास तडकतो. ओलें चित्र गुंडाळावें तर चिकटतें, सुकें गुंडाळावें तर फुटतें! आजचे चित्रसंरक्षक अशीं चित्रें जाड नळकांड्यावर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळतात. कारण ती आंत राहिली तर रंग चेपला जाऊन त्याचे पापुद्रे सुटतात. हें शहाणपण येण्यापूर्वीं कित्येक चित्रांना त्याची किंमत मोजावी लागली आहे.

टिशियनचेंच उदाहरण घ्या. 1554 सालीं त्यानें ‘व्हीनस आणि अडोनिस’ हें चित्र स्पेनचा युवराज फिलिप याजकडे व्हेनिसहून लंडनला पाठविलें. फिलिप त्या वेळीं इंग्लंडच्या मेरी राणीशीं विवाह करून तेथें राहिला होता. सुमारें सहा फूट उंच व सात फूट रुंद असें तें चित्र उघडून पाहतात तों मधोमध आडवी घडी पडलेली! फिलिपनें आपल्या वकिलाला तक्रारीचें पत्र लिहिलें आणि पुढचीं चित्रें आपण कळविल्याखेरीज पाठवूं नयेत, अशी ताकीद दिली. यापेक्षांही मोठा घाव पुढें बसला. 1557 सालीं ख्रिस्ताच्या दफनाचें त्याचें चित्र वाटेंतच गहाळ झालें. सत्तरीच्या घरांतल्या त्या वृद्धानें तोच विषय पुन्हां हातीं घेऊन 1559 सालीं दुसरें चित्र रवाना केलें.

रूबेन्सला हा धडा तरुणपणींच मिळाला. 1603 सालीं मांटुआच्या ड्यूकनें स्पेनच्या दरबारासाठीं घोडे, गाडी आणि चित्रें असा नजराणा देऊन त्याला पाठविलें. तेव्हां तो अवघा पंचवीस वर्षांचा होता. चित्रें मेणकापडांत गुंडाळून, पत्र्याच्या आवरणांत घालून, वर लांकडी पेट्यांत बंद केलेलीं होतीं. तरी पंचवीस दिवसांच्या संततधारेनें घात केला. व्हॅलाडोलिडला पेट्या उघडल्या, तेव्हां कापड कुजलें होतें आणि रंग फुगून सुटत होता. स्पॅनिश चित्रकारांची मदत नाकारून रूबेन्सनें स्वतः सुरीनें खराब रंग खरवडला व नवा भरला. जीं दोन चित्रें हातचीं गेलीं होतीं, त्यांच्या जागीं त्यानें स्वतःचें चित्र काढून दिलें.

पुढें कित्येक वर्षांनीं इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजासाठीं लंडनच्या बँक्वेटिंग हाउसचें छत त्याच्याकडे आलें. नऊ चित्रें, त्यांतील मोठीं अठ्ठावीस फूट लांब व वीस फूट रुंद. 1634 सालीं अँटवर्पमध्यें तीं पुरीं झालीं आणि जवळजवळ एक वर्ष गुंडाळलेलीं पडून राहिलीं. पाठवणीच्या वेळीं उलगडलीं तों रंगाला तडे गेलेले! संधिवातानें जर्जर झालेल्या रूबेन्सनें तीं घरींच दुरुस्त केलीं आणि 1635 मध्यें जहाजावर चढविलीं. व्हॅलाडोलिडची आठवण तो विसरला नसावा, असें आम्हांस वाटतें. परंतु लंडनला छताच्या चौकटींत मापें तंतोतंत जुळेनात. फ्लँडर्सचा फूट व इंग्लंडचा फूट सारखा नव्हता. अखेर कापडाला कातर लावावी लागली. ठरलेले तीन हजार पौंड हप्त्याहप्त्यानें 1638 पर्यंत मिळत राहिले.

या हकीकतींत एक गोष्ट समान आहे. घडी पडो, पाऊस लागो कीं पेटी हरवो, राजाला फार तर निराशा सोसावी लागे. श्रम मात्र चित्रकाराच्या वांट्याला येत. टिशियन व रूबेन्स यांना ते पेलले, कारण त्यांची कीर्ति मोठी होती व हाताखालीं शिष्यांची फौज होती. सामान्य चित्रकाराचें एखादें भव्य चित्र असें नासलें, तर वर्षाची कमाई बुडावयाची, आणि इतिहासांत त्याची नोंदही राहावयाची नाहीं. आज आपण जीं चित्रें पाहतों, तीं प्रवासांतून बचावलेलीं आहेत, हें ध्यानांत ठेवूनच गतकालच्या कलेचें मोजमाप करावें.

बँक्वेटिंग हाउसचें छत त्या बचावलेल्यांपैकीं होय. 1649 सालीं चार्ल्सला वधस्तंभाकडे नेलें तें याच दालनांतून. 1698 च्या आगींत भोंवतालचा बहुतेक राजवाडा जळाला. अँटवर्पहून वळकट्या होऊन आलेलीं तीं नऊ चित्रें मात्र अजून त्याच छतावर आहेत.