जिथे थांबा, तिथे गाळा

पुणे जिल्ह्याच्या पूर्व कडेला दोन नद्यांनी दोन गावांना हद्द घालून दिली आहे. घोड नदीच्या काठी शिरूर आणि भीमेच्या काठी दौंड. दोन्हीकडे नदी ओलांडली की जुना नगर जिल्हा लागतो. त्यामुळे शिरूरच्या कापड बाजारात पारनेर-श्रीगोंद्याचे गिऱ्हाईक दिसते आणि दौंडच्या दुकानांत भीमेपलीकडच्या श्रीगोंदेकरांची वर्दळ असते. २०११ च्या जनगणनेत शिरूर शहराची लोकसंख्या सुमारे ३७ हजार भरली, दौंडची ४९ हजारांच्या घरात. आकाराने ही भावंडे असली तरी नशीब अगदी उलटे. शिरूरला पुणे-नगरचा मोठा रस्ता मिळाला, रेल्वे कधीच आली नाही. दौंडला रेल्वेचे जंक्शन मिळाले, पण पुणे-सोलापूर महामार्ग गावाला न शिवता पाटस, कुरकुंभवरून निघून गेला.

आज या पट्ट्यात चहाच्या टपरीवर पाच मिनिटे बसले, तरी गाळ्याच्या भाड्याचा विषय निघतोच. डिपॉझिट किती, फ्रंट किती फुटांचा, प्लॉट रोडटच आहे का, पार्किंगला जागा सुटली का. ही भाषा गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली. पण माणसे कुठे थांबतात यावर दुकानाच्या जागेची किंमत ठरते, हे गणित दोनशे वर्षांपूर्वीचे आहे आणि ते पहिल्यांदा मांडले गेले लष्करी छावणीच्या कडेला.

१८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात आली आणि शिरूर हे तिचे मोठे ठाणे झाले. पुढे १८१७ मध्ये उभ्या राहिलेल्या पूना हॉर्स या घोडदळाचेही शिरूरशी दीर्घकाळ नाते राहिले. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची इंग्रज तुकडी पुण्याकडे निघाली तीही याच छावणीतून; वाटेत कोरेगाव भीमाला पेशव्यांच्या फौजेशी तिची लढाई झाली. इतिहासाची पुस्तके लढाईवर थांबतात. बाजाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. छावणी म्हणजे ठरलेल्या दिवशी रोख पगार घेणारी माणसे आणि रोज दाणा-वैरण खाणारी जनावरे. धान्य, कापड, कातडे, घोड्याचे सामान या सगळ्याला बारमाही गिऱ्हाईक. आठवड्यातून एकदा भरणाऱ्या बाजारापलीकडे जाऊन, रोज उघडणारे दुकान टाकण्याइतका धंदा या कोरडवाहू मुलखात पहिल्यांदा कोणी दिला असेल तर तो छावणीने.

या छावणीची एक विलक्षण खूण गावात उरली. १८०९ मध्ये शिरूरला वारलेल्या कर्नल विल्यम वॉलेसच्या थडग्याला लोक ‘सतपुरुष’ म्हणून पुजू लागले. सुगीच्या दिवसांत आसपासचे शेतकरी तिथे नव्या धान्याचा नैवेद्य ठेवत, अशी नोंद इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरने करून ठेवली आहे. त्याच नोंदीप्रमाणे ब्राह्मण आणि मारवाडी मात्र या पूजेपासून दूर राहत. देव कोणाचा आणि गल्ला कोणाचा, याची वाटणी गावाने किती सहज केली होती ते यातून कळते.

शिरूरला नगरपालिका आली १८६८ मध्ये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इम्पीरियल गॅझेटियरने शिरूरचे वर्णन सावकार, व्यापारी आणि दुकानदारांचे गाव असे केले आहे. धंदा मुख्यतः देशी कापडाचा आणि धान्याचा. शनिवारच्या बाजारात गुरे आणि घोडी मोठ्या संख्येने विकली जात, असेही त्यात म्हटले आहे. दुकान म्हणजे त्या काळी वेगळा गाळा नव्हताच. दर्शनी भागात गादी-तक्क्याची पेढी, मागे धान्याचे कोठार, माडीवर बिऱ्हाड असा सगळा संसार एका छपराखाली. आणि या दुकानाचा सगळ्यात मौल्यवान माल फळीवर नसे, तो चोपडीत असे. मीठ, कापड, बियाणे उधारीवर जायचे, सुगीला धान्य परत यायचे, आणि मधल्या काळात व्याज वाढत राहायचे. दुकानदार आणि सावकार हा एकच माणूस होता.

त्या चोपडीनेच पुढे आग लावली. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले तसे कापसाचे चढलेले भाव कोसळले. त्यातच नव्या पाहणीने शेतसारा वाढला. शेतकऱ्याची पत संपली आणि सावकाराने हात आखडता घेतला. शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी १८७४ च्या डिसेंबरात काळुराम नावाच्या मारवाडी सावकाराने कोर्टाचा हुकूमनामा मिळवून बाबासाहेब देशमुखांचे घर पाडायला घेतले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. दुकानातून कोणी काही घ्यायचे नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, पाणी भरायचे नाही. ज्या दुकानापुढे कोणी थांबत नाही त्या दुकानाची किंमत शून्य, हे कर्डेकरांनी अर्थशास्त्राचे पुस्तक न वाचता दाखवून दिले.

१२ मे १८७५ रोजी सुप्याला दंगा झाला. हे सुपे तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातले, आज बारामती तालुक्यातले. नगर रस्त्यावरचे पारनेरचे सुपे वेगळे. सुपे ही मोठी बाजारपेठ होती. दुकानदार, सावकार तिथे घर करून होते. आसपासच्या गावांतून जमलेल्या रयतेने दुकानांवर हल्ला केला, खतावण्या आणि कर्जरोखे मागून घेतले, ते जाळले. धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरांना आगी लागल्या. दंग्याचे लोण भीमथडी, शिरूर आणि नगरच्या बाजूला पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. ‘दख्खनचे दंगे’ म्हणून हे प्रकरण शाळेत शिकवले जाते ते शेतकऱ्यांचे बंड म्हणून, आणि ते बरोबरही आहे. पण लोक कुठे जमले आणि काय जाळले हे पाहिले, तर तो दुकानाच्या इतिहासातलाही एक मोठा दिवस आहे.

या दंग्याला तीन वर्षे होत नाहीत तोच बाजाराची दिशा फिरवणारी दुसरी गोष्ट घडली. पुण्याहून सोलापूरकडे लोहमार्ग १८५८ ते १८६० या काळातच गेला होता आणि दौंड त्यावरचे एक स्टेशन होते. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. त्याचे मातीकाम १८७६-७८ च्या दुष्काळात रोजगाराला आलेल्या हातांनी केले. नगरचा माल पुण्या-मुंबईकडे न्यायला आता घोडनदीवरून बैलगाड्या हाकण्याची गरज उरली नाही. तो रुळांवरून दौंडला येऊ लागला. १९१४ मध्ये बारामतीची नॅरोगेज आली आणि दौंड चार दिशांचे जंक्शन झाले.

दौंडचा बाजार मग रेल्वेच्या वेळापत्रकावर वाढला. लोकोशेड, रेल्वे कॉलनी, पाळीवरची माणसे, महिन्याचा ठरलेला पगार. शिरूरला छावणीने जे दिले तेच दौंडला रेल्वेने दिले. शिवाय एक तांत्रिक देणगी मिळाली. मनमाडचा मार्ग दौंडात ज्या टोकाला जोडलेला होता त्यामुळे पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन काढून उलट टोकाला लावावे लागे. गाडी उभी, प्रवासी खाली. चहा, वडे, पाण्याची बाटली, वर्तमानपत्र, सगळे त्या अर्ध्या तासात विकले जाई. सिद्धटेकच्या गणपतीला जाणारेही इथेच उतरत आणि पुढे शिरापूरला भीमा होडीने ओलांडत. अशा सक्तीच्या मुक्कामावर किती टपऱ्या, खाणावळी आणि लॉज जगले असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

शिरूरने दुसरी वाट धरली. रेल्वे दौंडवरून गेली तरी रस्ता राहिला, आणि घोडनदीवरचा जुना सतरा कमानी पूल राहिला. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनची पहिली गाडी धावली ती नगर ते पुणे, म्हणजे शिरूरवरून. पुढे एसटी स्टँडने गावाचे वजन जुन्या पेठेतून रस्त्याकडे सरकवले. कापड बाजार आणि हलवाई चौक गजबजलेले राहिले, तरी नवा दुकानदार स्टँडच्या आसपास जागा शोधू लागला. गावातल्या व्यापारी घराण्यांनी आपला पैसा शाळा-महाविद्यालयांतही घातला. सी. टी. बोरा महाविद्यालयाच्या नावातच ती परंपरा आहे. माणिकचंद समूहाचे रसिकलाल धारीवाल हेही शिरूरचेच. विडीच्या घरगुती धंद्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि ते नगराध्यक्षही झाले.

पेठेतली जुनी दुकाने हलली नाहीत याला भावनेइतकेच भाडेही कारण होते. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानंतर तो लागू असलेल्या ठिकाणी जुने भाडे जवळजवळ गोठले. पागडी देऊन आत शिरलेला भाडेकरू पिढ्यान् पिढ्या बसला. मालकाला दुरुस्तीत रस नाही, भाडेकरूला सोडण्यात फायदा नाही. २००० साली अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या कंपन्यांना या संरक्षणातून वगळले. मोठ्या भाडेकरूला बाजारभावाने जागा देणे मालकाला एकदम सोपे झाले. बँकेची शाखा, गाड्यांचे शोरूम, मोबाइल कंपनीचे दालन हे सारे मोठ्या रस्त्याच्या नव्या इमारतींत जाण्यामागे पार्किंगइतकाच हा कायदाही आहे, असे म्हणायला जागा आहे.

खरी उलथापालथ मात्र रांजणगावने केली. अष्टविनायकातल्या महागणपतीमुळे तिथे हारफुले-प्रसादाची दुकाने आधीपासून होती. १९९० च्या दशकात औद्योगिक वसाहत आली. व्हर्लपूल, फियाट, पुढे एलजी असे मोठे कारखाने उभे राहिले. शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा हा पट्टाही कारखान्यांनी भरला. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेल्या कामगारांसाठी कारेगावसारख्या गावांत खोल्यांच्या रांगा उठल्या आणि खोल्यांच्या खाली गाळे निघाले. किराणा, मोबाइल रिचार्ज, मेस, तयार कपडे, हप्त्यावर फ्रिज. पाळी सुटली की दुकान भरते आणि तासाभरात ओसरते. दौंड तालुक्यात कुरकुंभच्या रासायनिक वसाहतीने हेच काम लहान प्रमाणात केले. चौफुल्याला सोलापूर रस्ता आणि शिरूरकडून न्हावरे, केडगाववरून येणारा रस्ता मिळतो. तिथे हॉटेले, कलाकेंद्रे आणि आसपासच्या गुऱ्हाळांचा गूळ यांवर दुकाने उभी राहिली, म्हणजे गावाऐवजी फाट्यानेच बाजार घडवला.

मोठ्या शहरात जसे मॉल आले तसे इथे आले नाहीत. इथला नमुना वेगळा आहे: हमरस्त्याला तोंड करून एक किंवा दोन मजली इमारत, खाली आठ-दहा गाळे, वर बँक, दवाखाना किंवा क्लास. शेतजमिनीची बिगरशेती करून घेतलेली ही इमारत बहुतेकदा ग्रामपंचायतीच्या हद्दीत असते. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) २०१५ मध्ये स्थापन झाले आणि शिरूर, दौंड तालुक्यांचा काही भाग त्याच्या कक्षेत आला. पण तोवर रस्त्याकडेच्या इमारती उभ्या राहून गेल्या होत्या. नियोजनाचा कागद मागून येण्याची ही तऱ्हा या भागाला नवी नाही.

थांबा हलला की बाजारही हलतो, हे दोन्ही गावे पुन्हा अनुभवत आहेत. शिरूरला बाह्यवळण झाले आणि नगर-पुण्याची थेट वाहतूक गावाबाहेरून जाऊ लागली. नवी दुकाने पाबळ फाट्याच्या बाजूला आणि बाह्यवळणाच्या तोंडाशी सरकली. जुन्या पेठेला आता वाटसरूपेक्षा तालुक्याच्या गिऱ्हाइकावर, लग्नसराईच्या खरेदीवर आणि शनिवारच्या बाजारावर जास्त भिस्त ठेवावी लागते. दौंडला कॉर्ड लाइन झाली. पुणे-मनमाड मार्गावरच्या अनेक गाड्या इंजिन न फिरवता बाहेरच्या बाहेर निघतात. प्रवाशांचा अर्धा तास वाचला तो प्लॅटफॉर्मवरच्या विक्रेत्याच्या खात्यातून गेला. उलट पुणे-दौंड मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि २०२४ मध्ये दौंड स्थानक सोलापूर विभागातून पुणे विभागात आले. दौंडमध्ये राहून पुण्यात नोकरी करणाऱ्यांच्या वाढीवर नव्या दुकानदारांची नजर आहे.

या सगळ्यात एक बदल मात्र कर्डेच्या देशमुखांना किंवा त्यांच्या सावकाराला स्वप्नातही सुचला नसता. १८७५ मध्ये दुकान सावकाराचे होते आणि शेतकरी त्याच्या चोपडीतला ऋणको होता. आज नगर रस्त्यावर गाळ्याचा मालक बऱ्याचदा शेतकरी घरातला असतो आणि दुकानदार, मग तो राजस्थानातून आलेला मिठाईवाला असो की शहरातली साखळी कंपनी, त्याचा भाडेकरू. अकरा महिन्यांचा करार शेतकऱ्याच्या नावे होतो, डिपॉझिट त्याच्या खात्यात जमा होते. अर्थात ज्याची जमीन रस्त्याला लागून आहे त्याच्यापुरतेच हे खरे. रस्त्यापासून दोन शेते आत असलेल्याच्या वाट्याला अजून ऊस, कांदा आणि सोसायटीचे कर्जच आहे. भावकीच्या वाटण्यांत हमरस्त्याकडचा तुकडा कोणाला, यावरून शिरूर आणि दौंडच्या कोर्टांत दावे चालतात.