राजा जैतपाळ व मुकुंदराजांची सुखमीमांसा

विवेकसिंधूविषयीं आजवर जो वाद झाला, तो बहुतांशीं काल व स्थल यांपुरताच आहे. ज्या राजासाठीं तो ग्रंथ झाला त्यास नेमकें काय हवें होतें, या प्रश्नाकडे त्या मानानें लक्ष थोडें गेलें. प्रस्तुत लेखांत आम्हीं तोच प्रश्न घेतला आहे.

प्रथम स्थल. ग्रंथांत वैन्यगंगेच्या तीरावरील अंबानगरीचा उल्लेख येतो. मराठवाड्यांत अंबेजोगाईस मुकुंदराजांची समाधि दाखवितात. उलटपक्षीं नागपूर जिल्ह्यांतील कुही तालुक्यांत वैनगंगेकांठीं आंभोरें आहे. तेथें चैतन्येश्वराचें देवालय असून मुकुंदराजांचे परमगुरु हरिनाथ यांची समाधि आहे. नदीचें नांव पाहतां आमचा कल आंभोऱ्याकडे आहे. मात्र रचना एके ठिकाणीं व समाधि दुसरे ठिकाणीं असणें अशक्य नव्हे.

कालासंबंधीं शके १११० (इ. स. ११८८) असा निर्देश करणारी ओवी प्रसिद्ध आहे. ती प्रमाण मानल्यास हा ग्रंथ शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीहून शंभर वर्षें जुना ठरतो. परंतु उपलब्ध प्रतींतील भाषा अर्वाचीन दिसल्यामुळें कित्येक पंडितांस ती ओवी संशयास्पद वाटते.

राजाविषयीं पाहतां, त्यास देवगिरीचा यादव जैत्रपाळ ठरविण्याचा मोह सहज होतो. पण यादव जैत्रपाळ हा भिल्लमाचा पुत्र. ग्रंथांतला जैतपाळ बल्लाळाचा पुत्र व नृसिंहाचा नातू आहे. वंशावळी जुळत नसतां केवळ नामसादृश्यावर ऐक्य मानणें योग्य नव्हे. बैतूल जिल्ह्यांत खेरला येथेंही जैतपाळ व मुकुंदराज यांची परंपरा सांगतात. आमच्या मतें हा कोणी स्थानिक राजा असावा.

दंतकथा अशी कीं, रिकिबींत पाय घालून घोड्यावर बसेपर्यंतच्या अवधींत ब्रह्म दाखवा, असा या राजाचा हट्ट होता. जे साधु तें करूं शकले नाहींत त्यांस त्यानें तळें खणावयास लाविलें, व पुढें मुकुंदराजांनीं त्यांस सोडविलें. हा ऐतिहासिक पुरावा नव्हे. परंतु लोकांनीं राजाचा स्वभाव कसा ओळखिला, हें तिच्यावरून कळतें. हुकूम करतांच भोग्य वस्तु हजर होते, तसाच ईश्वरही हजर व्हावा, अशी त्याची समजूत! सुखाचा शोध खरा. मागण्याची रीत मात्र विषयभोगाचीच.

येथें तैत्तिरीय उपनिषदांतील आनंदमीमांसा आठवते. तरुण, बलिष्ठ, विद्यासंपन्न व सर्व पृथ्वीच्या वित्ताचा स्वामी अशा पुरुषाचा आनंद हें तेथें पहिलें माप. पुढें मनुष्यगंधर्वापासून ब्रह्म्यापर्यंत दहा पायऱ्या, व प्रत्येक पायरीवर आनंद शतपट. लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या दहाही पायऱ्यांवर तितकाच आनंद निष्काम श्रोत्रियासही आहे असें श्रुति सांगते. त्याच्यापाशीं पृथ्वीचें वित्त नाहीं. केवळ कामना गेलेली आहे. म्हणजे वस्तूंच्या वाढीनें सुख टिकत नाहीं. वासनेच्या क्षयानें जें प्रगट होतें तेंच टिकतें. जैतपाळ पहिल्या मापावर उभा होता, आणि तेथेंच अतृप्त होता.

मुकुंदराजांचें उत्तरही याच धोरणाचें आहे. आचार्यांच्या अद्वैतमतास अनुसरून त्यांनीं अठरा प्रकरणें लिहिलीं, आणि तीं संस्कृतांत न लिहितां मराठींत लिहिलीं. क्षणांत ब्रह्म मागणाऱ्या राजाच्या हातीं क्रमानें विचार करावयास लावणारा ग्रंथ पडला, हेंच त्याच्या मागणीचें खरें निरसन होय. ईश्वर ही मिळवावयाची आणखी एक वस्तु नसून, मिळवूं पाहणाऱ्याचेंच स्वरूप आहे, हें एकदा उमगलें म्हणजे घाईला जागा राहत नाहीं.

स्थलकालाचा निर्णय पुढील साधनांवर अवलंबून आहे, व तो शोध चालू राहावाच. राजाच्या अतृप्तीस मात्र ताम्रपटाची गरज नाहीं. ती आजही घरोघर सांपडते.