गेलेला खेळाडू परत घ्यावा काय?

इंग्लंडच्या मध्यभागीं स्टॅफर्डशर परगण्यांत कुंभारकामाचा एक जुना मुलूख आहे. चिनी मातीचीं भांडीं करणारीं सहा गांवें तेथें एकमेकांना चिकटून वाढलीं आणि १९१० सालीं त्यांची मिळून स्टोक-ऑन-ट्रेंट ही एक नगरी झाली. भट्ट्यांचा धूर, कोळशाच्या खाणी आणि शनिवारीं दुपारीं फुटबॉल, असा तेथील लोकांचा अनेक पिढ्यांचा जीवनक्रम होता. ह्या नगरीच्या स्टोक सिटी क्लबापुढें १९६१ सालच्या ऑक्टोबरांत एक प्रश्न उभा राहिला. चौदा वर्षांपूर्वीं विकून टाकलेला आपला एक खेळाडू पुन्हां विकत घ्यावा काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्या खेळाडूचें वय त्या वेळीं शेहेचाळीस वर्षांचें होतें, ज्या क्लबांत तो होता तेथें त्याची जागा डळमळीत झाली होती, आणि विकत घेणारा क्लब स्वतः लीगच्या दुसऱ्या वर्गाच्या तळाशीं घसरत चालला होता. बुडत्यानें बुडत्याचा हात धरावा तसा हा प्रकार, असें अनेकांना वाटलें असल्यास नवल नाहीं.

खेळाडूचें नांव स्टॅन्ली मॅथ्यूज. ह्याच सहा गांवांपैकीं हॅन्ली येथें १ फेब्रुवारी १९१५ रोजीं त्याचा जन्म झाला. बाप जॅक मॅथ्यूज हा न्हाव्याचा धंदा करी आणि मुष्टियुद्धाचे सामने खेळे. शरीर राखण्याची शिस्त मुलाला त्याच्याकडूनच मिळाली. पंधराव्या वर्षीं स्टॅन्ली स्टोक क्लबाच्या कचेरींत पोऱ्या म्हणून लागला, आणि सतरावें वर्ष पुरें होतांच धंदेवाईक खेळाडू झाला. त्याची जागा आघाडीच्या फळींत अगदीं उजव्या कडेची. त्याची खेळी वर्णन करण्यास सोपी आणि अडविण्यास महाकठीण होती. चेंडू पायाशीं घेऊन तो प्रतिपक्षाच्या बॅकसमोर जवळजवळ चालतच येई. अंग डावीकडे असें झुकवी कीं समोरच्याचा तोल त्या बाजूला जावा. आणि तोल गेला त्याच क्षणीं उजवीकडून, रेषेला लागून, निसटून जाई. युक्ति सर्वांना ठाऊक होती. तरी दर शनिवारीं कोणी ना कोणी तिला फसेच. ह्या खेळींत लांब धांव मुळींच लागत नाहीं. लागतो तो दुसऱ्याच्या तोलाचा अंदाज आणि पहिल्या चार-पांच पावलांचा झटका. पुढें जें घडलें तें समजण्यासाठीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

१९३८ सालीं मॅथ्यूजनें क्लब सोडण्याची परवानगी मागितली तेव्हां गांवांत खळबळ उडाली. किंग्ज हॉलमध्यें निषेधाची सभा भरली. आंत तीन हजार माणसें, आणि जागा न मिळाल्यामुळें बाहेर आणखी हजारावर. चेंडू खेळणाऱ्या एका तरुणानें नोकरी बदलूं नये म्हणून एवढी सभा! पुढाऱ्यांनाहि हेवा वाटावा. मॅथ्यूज राहिला. मग महायुद्ध आलें. विमानदलांतील नोकरीनिमित्त तो ब्लॅकपूल ह्या समुद्रकांठच्या शहरीं गेला आणि तेथेंच त्यानें बिऱ्हाड केलें. युद्ध संपल्यावर स्टोकचे मॅनेजर बॉब मॅकग्रोरी ह्यांच्याशीं त्याचें बिनसलें. दुखापतींतून बऱ्या झालेल्या मॅथ्यूजनें आधीं राखीव संघांतून खेळून दाखवावें असें त्यांचें म्हणणें. तें त्याच्या मनाला लागलें. अखेर १९४७ च्या मे महिन्यांत ११,५०० पौंडांस स्टोकनें त्याला ब्लॅकपूलला विकलें. वय बत्तीस, आतां असा कितीसा उरला, असा हिशेब असावा.

हा हिशेब किती चुकला तें महिन्याभरांतच दिसूं लागलें. त्या वर्षीं स्टोक लीगच्या विजेतेपदाच्या अगदीं उंबरठ्यावर होता. कडक हिवाळ्यामुळें लांबलेल्या हंगामांतील त्याचा अखेरचा सामना १४ जून रोजीं शेफील्ड युनायटेडशीं झाला. जिंकला असता तर विजेतेपद पदरांत पडतें. स्टोक २-१ असा हरला आणि मान लिव्हरपूलला मिळाला. मॅथ्यूज असता तर काय झालें असतें, हा वाद स्टोकच्या मद्यगृहांतून पुढें किती वर्षें चालला त्याची गणती नाहीं. इकडे मॅथ्यूजची भरभराटच झाली. १९५३ च्या मे महिन्यांत, अडतिसाव्या वर्षीं, एफ. ए. कपाच्या अंतिम सामन्यांत १-३ असें मागें पडलेल्या ब्लॅकपूलनें बोल्टनला ४-३ असें हरविलें. गोल तिघे मॉर्टेन्सननें केले, तरी तो सामना 'मॅथ्यूजचा सामना' ह्याच नांवानें ओळखला जातो; मॉर्टेन्सनवर हा थोडा अन्यायच होय. दैवाचा खेळ असा कीं त्याच हंगामांत स्टोकची पहिल्या वर्गांतून दुसऱ्यांत उतरंड झाली. १९५६ सालीं युरोपांतील उत्कृष्ट खेळाडूचें पारितोषिक सुरू झालें. तें पहिलेंच मॅथ्यूजला मिळालें. १९५७ सालीं, बेचाळिसाव्या वर्षीं, तो इंग्लंडकडून अखेरचा सामना खेळला.

सोडून गेलेल्याचें काय करावें, ह्या प्रश्नाचें स्टोकनें मधल्या काळांत एक निराळेंच उत्तर दिलेलें होतें. नील फ्रँकलिन हा स्टोकचा मध्यरक्षक. इंग्लंडकडून लागोपाठ सत्तावीस सामने खेळलेला. १९५० सालीं इंग्लंडांत धंदेवाईक खेळाडूला आठवड्याला १२ पौंडांहून अधिक देण्यास बंदी होती. त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाचे क्लब जागतिक संघटनेच्या बाहेर पडले होते. त्यांना कोणाची परवानगी नको, कोणाला किंमत मोजावयास नको, आणि पगार ते वाटेल तेवढा देत. त्या वर्षींच्या जागतिक चषकाच्या सामन्यांवर पाणी सोडून फ्रँकलिन बोगोटा येथील सांता फे क्लबाकडे गेला. स्टोकचाच जॉर्ज माउंटफर्ड त्याच्याबरोबर होता. फ्रँकलिनला तेथील वास्तव्य मानवलें नाहीं आणि थोड्याच काळांत तो परतला. परतल्यावर त्याच्यावर बंदी आली; स्टोकनें त्याला पुन्हां आपल्या संघांत घेतलें नाहीं, आणि १९५१ च्या फेब्रुवारींत २२,५०० पौंडांस हल सिटीला विकलें. त्याचें वय तेव्हां एकोणतीस. इंग्लंडचा सदरा त्याच्या अंगावर पुन्हां कधींच चढला नाहीं. माउंटफर्ड मात्र मागाहून परत आला आणि कांहीं काळ पुन्हां स्टोककडूनच खेळला. एका वाटेनें गेलेल्या दोघांना दोन न्याय मिळाले. २२,५०० पौंड ही रक्कम त्या काळीं लहान नव्हती, हें सांगितलेंच पाहिजे. तथापि ऐन उमेदींतील असा मध्यरक्षक घरांत असतां तो बाहेर घालविण्यांत स्टोकनें खेळाचा हिशेब केला कीं रागाचा, अशी शंका राहतेच. दोन वर्षांनीं त्या संघाची उतरंड झाली, ही गोष्ट त्या शंकेला बळकटीच आणते.

दहा वर्षें लोटलीं. १९६० सालीं टोनी वॉडिंग्टन स्टोकचे मॅनेजर झाले. मॅथ्यूजला परत आणण्याचा बेत त्यांनीं केला तेव्हां ते छत्तीस वर्षांचे होते. म्हणजे खेळाडू मॅनेजरहून जवळजवळ दहा वर्षांनीं वडील! ह्या बेतावरील आक्षेप पोकळ नव्हते. दुसऱ्या वर्गांतील खेळ दांडगाईचा. पंचवीस वर्षांचा एखादा बॅक ह्या गृहस्थाच्या पायावर पडला तर पुढें काय? शिवाय त्याची जागा एखाद्या होतकरू मुलाची असणार, त्यानें कोणाच्या तोंडाकडे पाहावें? पगाराची कमाल मर्यादा त्याच वर्षीं जानेवारींत उठली होती, त्यामुळें पूर्वीं आठवड्याला २० पौंडांवर भागलें असतें तेथें आतां ५० मोजावयाचे. आणि सर्वांत अवघड गोष्ट पैशांत मोजण्यासारखी नव्हतीच. ज्यांनीं मॅथ्यूजला विसाव्या वर्षीं खेळतांना पाहिलें होतें, तेच लोक आतां मुलांना खांद्यावर घेऊन मैदानावर यावयाचे. त्यांच्या डोळ्यांदेखत त्याची फजिती झाली असती तर ती त्यांच्या तारुण्याचीहि झाली असती. वैरी क्लबाच्या खेळाडूची फजिती दोन घटकांत विसरली जाते. घरच्याची विसरली जात नाहीं.

अनुकूल बाजूला काय होतें? पहिली गोष्ट शरीर. मॅथ्यूज दारू पीत नसे, धूम्रपान करीत नसे, रोज पहांटे उठून समुद्राच्या वाळूवर धांवत असे, आणि दर सोमवारीं उपास करीत असे. शंकराशीं त्या सोमवाराचा कांहीं संबंध नव्हता. शनिवारच्या सामन्यानंतर आणि रविवारच्या जेवणानंतर पोटाला विसांवा, एवढाच त्यांतला हेतु. दुसरी गोष्ट, अर्थात्, तिकिटें. स्टोकच्या घरच्या सामन्याला त्या हंगामांत जेमतेम आठ-साडेआठ हजार माणसें येण्याची पाळी आली होती. ३,५०० पौंडांस सौदा ठरला आणि २८ ऑक्टोबर १९६१ रोजीं हडर्सफील्डविरुद्ध मॅथ्यूज पुन्हां व्हिक्टोरिया ग्राउंडवर उतरला, तेव्हां ३५,९७४ प्रेक्षक जमले होते. स्टोक ३-० असा जिंकला. त्या एका दुपारच्या वाढीव तिकिटांनींच त्याची बहुतेक किंमत वसूल झाली असावी.

येथवर पाहिलें तर हा जत्रेंतला हत्ती आणल्यासारखा व्यवहार दिसतो, आणि तो तेवढाच असता तर जत्रा पांगल्यावर हत्तीच्या वैरणीचा खर्च तेवढा अंगावर राहिला असता. जुना खेळाडू परत घेणारे बहुतेक क्लब येथेंच फसतात. ते माणूस आणतात आणि त्यानें पूर्वींसारखें खेळावें अशी अपेक्षा करीत बसतात. वॉडिंग्टन ह्यांचें शहाणपण ह्यांत कीं मॅथ्यूजचें काय गेलें आणि काय उरलें ह्याचा त्यांनीं नीट झाडा घेतला. धांव गेली होती; मागें येऊन संरक्षणाला हातभार लावण्याची अपेक्षा त्याच्याकडून करण्यांत अर्थ नव्हता. समोरच्याचा तोल हेरणारा डोळा मात्र शाबूत होता, आणि पहिल्या चार पावलांचा झटकाहि बराचसा टिकून होता. तेव्हां बाकीचा संघ त्याच्याभोंवतीं बसवावयाचा असें ठरलें. ब्लॅकपूलमधील त्याचा जुना सोबती जॅकी म्यूडी आधींच स्टोकमध्यें आला होता. म्युनिकच्या विमान-अपघातांतून वांचलेला मँचेस्टर युनायटेडचा डेनिस व्हायोलेट १९६२ च्या जानेवारींत आला. पाठोपाठ एडी क्लॅंप आला. हा दणकट गडी मॅथ्यूजच्या बाजूला राही आणि म्हाताऱ्याला पाडणाऱ्या बॅकची थोड्याच वेळांत गांठ घेई. १९६३ च्या मार्चांत बर्न्लीहून जिमी मॅकिलरॉय आला. सगळेच अनुभवी, कांहींना तर त्यांच्या क्लबांनीं उतार लागला म्हणून सोडलेलें. मॅथ्यूजला दर आठवड्याला राबविण्याचा हट्टहि धरला गेला नाहीं. १९६२-६३ च्या हंगामांत लीगच्या बेचाळीस सामन्यांपैकीं तो एकतीस खेळला.

तो हंगामहि योगायोगानें १९४७ सारखाच हिवाळ्यानें लांबविलेला. बर्फामुळें मैदानें आठवडेच्या आठवडे बंद पडलीं होतीं. १८ मे १९६३ रोजीं ल्यूटनशीं घरच्या मैदानावर सामना झाला. जिंकल्यास पहिल्या वर्गांत परत जाणें निश्चित. म्यूडीनें पहिला गोल केला. दुसऱ्या अर्धांत मॅकिलरॉयनें संरक्षकांच्या मधून चेंडू पुढें सारला, अठ्ठेचाळीस वर्षांचा मॅथ्यूज त्यामागें एकटा धांवला, गोलरक्षकाला वळसा घातला आणि चेंडू जाळ्यांत लोटला. त्या हंगामांतील त्याचा हा एकुलता एक गोल. स्टोक दुसऱ्या वर्गाचा विजेता ठरला, आणि फुटबॉलच्या वार्ताहरांनीं वर्षांतील उत्कृष्ट खेळाडू म्हणून मॅथ्यूजची निवड केली. हाच मान त्यांनीं त्याला पूर्वीं १९४८ सालीं दिला होता.

ह्यानंतरची गोष्ट मात्र तितकी गोड नाहीं. पहिल्या वर्गांतील वेग निराळा; गुडघाहि कुरकुरूं लागला. १९६३-६४ मध्यें लीगचे नऊच सामने त्याच्या वांट्याला आले, आणि त्यापुढील हंगामांत अवघा एक. त्यालाहि मैदान सोडवेना आणि क्लबालाहि त्याला सोडवेना, असें तें शेवटचें दीड वर्ष होतें. १९६५ च्या आरंभीं त्याला 'सर' हा किताब मिळाला. खेळत असतांनाच तो मिळविणारा फुटबॉलपटू दुसरा झाला नाहीं. ६ फेब्रुवारी १९६५ रोजीं, वयाला पन्नास वर्षें आणि पांच दिवस झाले असतां, तो फुलहॅमविरुद्ध अखेरचा लीग सामना खेळला; स्टोक ३-१ असा जिंकला. एप्रिलांत निरोपाचा सामना झाला तेव्हां हंगेरीचा पुश्काश आणि रशियाचा याशिन ह्या दोघांनीं त्याला खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेलें. त्या वेळीं नील फ्रँकलिन कॉल्चेस्टर ह्या लहानशा क्लबाचा मॅनेजर होता. मॅथ्यूजनें मागाहून एक हळहळ पुष्कळदां बोलून दाखविली: निवृत्ति घेण्यांत आपण थोडी घाईच केली, अजून दोनएक वर्षें सहज खेळलों असतों.