आधी श्वास, मग औषध

औषध ‘देणे’ आणि औषध ‘योजणे’ हे दोन शब्दप्रयोग आपण एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. योजण्यामध्ये कोणाला, किती, किती दिवस आणि मुख्य म्हणजे कोणाला नाही, हा विवेक गृहीत असतो. डॉक्टर हाकेच्या अंतरावर नसलेल्या खेड्यात तो कसा रुजू शकतो, याचा एक इतिहास तलमडुगुच्या आपणा रहिवाशांना फार दूरचा नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरील प्राणहिता ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. तेथेच तो घडला.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८० नंतरच्या दशकात तेथील बालमृत्यूंचा शोध घेतला, तेव्हा न्यूमोनिया हे एक प्रमुख कारण आढळले. को-ट्रायमोक्सॅझोल हे औषध स्वस्त होते, तोंडाने देता येत होते. अडचण निराळीच होती. थंडीत खोकला कोणत्या मुलास होत नाही? प्रत्येकाला प्रतिजैविक द्यावे, तर साध्या पडशात ते व्यर्थ जाते, अपाय करू शकते आणि जंतूंना त्याची सवय होते. देऊ नये, तर एखादे बाळ दोन दिवसांत दगावते.

निर्णय श्वासांवर सोपविला गेला. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० वा अधिक, त्याहून मोठ्या अर्भकाचे ५० वा अधिक श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. परंतु अक्षरशत्रू सुईणीने साठापर्यंत मोजावे कसे? तिच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी यांचे एक साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, तर औषध. मला तर ही पाटीवरच्या अंकगणिताहून थोर विद्या वाटते!

१९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचाराच्या ५८ गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी ८.१, तर तुलनेच्या ४४ गावांत १७.५ होते. उपचार केलेल्या ६१२ आजारांत मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी राहिले. सुईणीच्या हाती प्रतिजैविक द्यावे काय, ही शंका रास्तच होती. तिचे उत्तर पदवीने नव्हे, तर काटेकोर नियम, प्रशिक्षण आणि देखरेख यांनी दिले.

पुढे नवजात बालकांच्या जंतुसंसर्गावर जेन्टामायसिनचे इंजेक्शनही प्रशिक्षित ग्रामस्त्रिया देऊ लागल्या. ३९ गावांतील तो प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे सुईवर लोकांची भाबडी श्रद्धा, म्हणून येथे तर अधिकच सावधगिरी हवी होती.

को-ट्रायमोक्सॅझोलची जागा आता ॲमॉक्सिसिलिनने घेतली आहे. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या न्यूमोनियासाठी त्यालाच प्रथम पसंती दिली. श्वास मात्र अजून पूर्ण एक मिनिटच मोजावे लागतात, आणि तेही मूल शांत असताना.